भिंतीवरची गोधडी

भेडाघाटला जाणारा मनुष्य पाहण्याच्या गोष्टींची यादी मनात घेऊनच जातो. धुवांधारचा प्रपात, संगमरवरी कड्यांमधून नावेने केलेली फेरी आणि टेकडीवरचे चौसष्ट योगिनींचे मंदिर. जबलपूरला बदली होऊन आल्यापासून पाहुण्यांना घेऊन ही फेरी मी इतक्या वेळा केली आहे की, नावाडी कोणत्या कड्यापाशी कोणती तुकबंदी म्हणणार, हे मला आता आधीच ठाऊक असते. परंतु माघातील एका रविवारी सकाळी पंचवटी घाटावर जे दिसले, ते या यादीत नव्हते. पायऱ्यांवर जिथे कोवळे ऊन पडले होते, तिथे पाच-सहा अंथरुणे वाळत घातली होती. दोन घोंगड्या, काही चादरी आणि त्यांच्यामध्ये एक गोधडी.

गोधडी जुनी होती. इरकली लुगड्याचा काठ चारी बाजूंनी लावलेला. पण तिसऱ्या बाजूला तो संपलेला. मध्ये खणांचे चौकोन, त्यांचा मूळचा रंग आता केवळ शिवणीच्या आत, जिथे ऊन पोहोचले नाही तिथे, शिल्लक होता. धोतराच्या पांढऱ्या पट्ट्या पिवळसर झालेल्या. आणि या सगळ्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावदोऱ्याच्या ओळी गेलेल्या, बोटभर अंतर राखून, कुठेही घाई न करता. टाक्यांनी कापड किंचित आवळले जाऊन वर बारीक लहरी उठल्या होत्या. समोर नर्मदेच्या पाण्यावरही वाऱ्याने तशाच लहरी उठत होत्या. ही उपमा मला तेव्हा सुचली नाही, घरी आल्यावर सुचली, म्हणून तिच्यावर मी फारसा भार देत नाही.

पर्यटक थांबत होते. कुणी छायाचित्र घेत होते, कुणी वाकून हात लावत होते. एका मुलीने आईला विचारले की हे विकायला आहे का. संगमरवराच्या मूर्ती विकणारी दुकाने चार पावलांवर होती. तिथे रेंगाळण्याऐवजी लोक एका वाळत घातलेल्या अंथरुणापाशी रेंगाळत होते.

गोधडीची मालकीण शेजारच्या पायरीवर केस वाळवीत बसली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावाहून परिक्रमेला निघालेली बाई, वय सत्तरीकडे झुकलेले. परिक्रमावासी नर्मदेला सदैव उजव्या हाताला ठेवून चालतो आणि मध्ये कुठेही तिचे पात्र ओलांडीत नाही. दिवाळीनंतर ओंकारेश्वराहून निघालेली ही मंडळी दक्षिण तटाने समुद्रापर्यंत जाऊन, तिथे नावेने पलीकडे येऊन, आता उत्तर तटाने अमरकंटककडे चालली होती. एवढ्या वाटेवर त्या गोधडीने अंगाखाली किती धर्मशाळा आणि किती देवळांच्या ओसऱ्या पाहिल्या असतील!

‘‘आजी, किती जुनी आहे ही?’’ मी विचारले.

‘‘सासूच्या हातची हाय. मी लगीन होऊन आले तवा घरात हुतीच.’’

‘‘आणि ही एक बाजू अशी का?’’

‘‘अख्खी कोण वाहील बाबा एवढ्या लांब? अर्धी कापली. अर्धी सुनंजवळ ठिवलीया.’’

माझ्या चेहऱ्यावर काही उमटले असावे. त्या हसून म्हणाल्या, ‘‘पांघरायलाच शिवली हुती न्हवं?’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि पुढे मी जे मत मांडणार आहे त्याच्या आड हा प्रश्न आजही येतो. तरीही ते मांडतो. जुन्या, हाताने शिवलेल्या गोधड्या ट्रंकेतून आणि माळ्यावरून खाली उतरवून जिथे माणसांची रोजची ये-जा असते अशा ठिकाणी लावल्या पाहिजेत, असे माझे मत आहे. बँकेच्या शाखेत, एस.टी.च्या स्थानकावर, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या त्या बाकाच्या वर, जिथे बायका मांडीवर मूल घेऊन तासभर बसून असतात. संग्रहालयातही त्या असाव्यात. दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे आणि फण्या जमवून घरातली वस्तू पाहण्याजोगी असते हे महाराष्ट्राला शिकविले, ते ऋण मोठे आहे. पण संग्रहालयात मनुष्य पाहण्याच्या तयारीने जातो. गोधडीचे सौंदर्य मात्र बेसावध माणसाला गाठणारे आहे. ती घाटावर जशी भेटली तशीच भेटली पाहिजे.

जुन्या गोधडीबद्दल घाई का करायची, याचे एक कारण कापडात आहे. गोधडी चांगली होते ती वापरून मऊ झालेल्या सुती कापडाची. असे कापड एकमेकांना धरते, घाम शोषते, धुतल्यावर अधिक नरम होते. कृत्रिम धाग्याच्या साड्या एकावर एक ठेवल्या की निसटतात, सुईखाली सरकतात आणि थंडीत अंगाला चिकटत नाहीत. सुती लुगडी आणि धोतरे रोजच्या वापरातून गेली, तसा गोधडीचा कच्चा मालच संपत आला. ज्या गिरण्यांनी हे कापड विणले, त्यांची तर गोष्टच वेगळी. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातल्या कितीतरी गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले नाहीत. त्या गिरण्यांचे मांजरपाट, त्यांची छापील चिटे, त्यांच्या धोतरांचे काठ आज पाहायचे असतील तर कुणाच्या तरी आजीच्या गोधडीच्या तिसऱ्या थरात पाहावे लागतील. गिरणीच्या जागी मनोरा उभा राहिला. तिचा नमुना मात्र सोलापूरच्या, साताऱ्याच्या, बुलढाण्याच्या घरात अंथरुणात शिवून राहिला.

आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना घसारा काढण्याच्या दोन पद्धती शिकविल्या जातात, सरळ रेषेची आणि ऱ्हासमान शेषाची. पद्धत कोणतीही असो, लुगडे फाटले त्या दिवशी त्याचे उरलेसुरले पुस्तकी मूल्य काढून टाकले जाते. आणि नेमक्या त्याच दिवशी घरातली बाई ते बाजूला काढून ठेवते. चैत्र-वैशाखात, सुगी आटोपल्यावर आणि पावसाची कामे लागण्याआधी, ते ओसरीवर पसरते, त्यावर दुसरे, त्यावर तिसरे. कडांवर दगड ठेवून ताणले जाते. शेजारणी येऊन चारी कोपऱ्यांवर बसतात. ताळेबंदाच्या भाषेत ज्याला निर्लेखन म्हणतात, तिथून या वस्तूचा खरा जमाखर्च सुरू होतो. आमच्या व्यवसायात कर्जदाराला ‘अंथरूण पाहून पाय पसरा’ असे सांगण्याची फार जुनी सवय आहे. ते अंथरूण कुणी शिवले, हे आम्ही कधी विचारले नाही.

गोधडीची थोरवी सांगायला परदेशात जाण्याची गरज नाही. बुद्धाने मगधातील बांधाबांधांची भातशेते आनंदाला दाखविली आणि त्या नमुन्यावर भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवले गेले, असे विनयपिटक सांगते. आपल्याकडे अंगावर चिंध्यांची गोधडी घेणारे आणि ‘गोधडे महाराज’ म्हणून ओळखले गेलेले गाडगेबाबा होते, ज्यांनी स्वतः झोपडीत राहून इतरांसाठी धर्मशाळा बांधल्या. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहिण्यासाठी कागद घेतला नाही, पासोडी घेतली. सुमारे चाळीस फूट लांबीचे ते वस्त्र म्हणजे ग्रंथच आहे. सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. बाहेरच्या कडेने सुरुवात करून फिरत फिरत मध्यावर येतात, आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेली त्रिकोणी ‘फुले’ बसविल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. त्यांच्या लेखी फुलांवाचूनची कवंदी उघडी. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी ही याच घराण्यातली भावंडे आहेत.

तरीही एक परदेशी उदाहरण द्यावेसे वाटते, कारण त्यात एक इशारा आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची एक वस्ती आहे. गुलाम म्हणून आणलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज तिथे राहतात. शेतात झिजलेल्या विजारी आणि सदरे फाडून तिथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पांघरुणे शिवली. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये ती भिंतीवर लागली, तेव्हा जाणकारांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे निघाली. आणि २००७ मध्ये त्यांपैकी काही शिवणाऱ्या बायका आपल्या मोबदल्यासाठी न्यायालयात गेल्या. तो वाद पुढल्या वर्षी मिटला. वस्तू भिंतीवर चढली की तिचे दाम चढते. ते दाम कुणाच्या खात्यात जमा होते, हे मात्र पाहावे लागते. आपल्याकडे अलीकडे मोठ्या हॉटेलांच्या दालनांत आणि डोंगरातल्या विश्रामगृहांत जुनी गोधडी ‘सजावट’ म्हणून टांगलेली दिसते. ती कुठून आली, कितीला घेतली, याचा थांगपत्ता नसतो. मी ज्या प्रदर्शनाबद्दल बोलतो ते हे नव्हे. गोधडी घरच्यांचीच राहावी, काही दिवसांसाठी उसनी यावी आणि परत जावी.

हे नुसते बोलण्यापेक्षा करून पाहावे म्हणून, घाटावरच्या त्या सकाळनंतर आमच्या शाखेत आम्ही एक प्रयोग केला. जबलपुरात कित्येक पिढ्यांपासून राहिलेल्या एका मराठी कुटुंबातील निवृत्तिवेतनधारक गृहस्थ आमचे जुने ग्राहक आहेत. त्यांच्याकडे पणजीच्या हातची एक वाकळ आहे, असे बोलता बोलता कळले. (त्यांच्या घरात ‘वाकळ’ हाच शब्द आहे, सातारकडून आलेल्या घराण्याने चार पिढ्या नर्मदाकाठी राहूनही तो सोडलेला नाही.) व्यवस्थापकांना विचारले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘बँकेत फाटकी गोधडी लावायची? लोकांना वाटेल, दिवाळे निघाले.’’ मग त्यांनीच परवानगी दिली, फक्त एक अट घालून : रोख खिडकीच्या मागे लावायची नाही.

लावण्याचीही एक रीत आहे, आणि ती मला एका संग्रहालयातील कर्मचाऱ्याने समजावून दिली. खिळे मारून गोधडी टांगणे म्हणजे तिला फाशी देणे. सारा भार दोन छिद्रांवर येतो आणि जुने सूत तिथेच विरते. वरच्या कडेला मागील अंगाने लेंग्यासारखा एक रुंद नेफा शिवावा, त्यात गुळगुळीत काठी घालावी, म्हणजे भार सगळ्या रुंदीवर वाटला जातो. थेट ऊन नको; उडालेला रंग परत येत नाही. वर काच लावलीच तर ती कापडाला टेकता कामा नये. आणि कितीही मोह झाला तरी महिना-दीड महिन्याने उतरवून विश्रांती द्यावी. नेफा शिवण्याचे काम त्या गृहस्थांच्या पत्नीने केले. पणजीच्या टाक्यांना टाका लागू नये म्हणून त्या दोन दुपारी चष्मा लावून बसल्या होत्या, असे नंतर कळले.

दीड महिना ती वाकळ आमच्या दर्शनी दालनात, चालू खात्याच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर होती. व्याजदरांच्या तक्त्यापाशी आजवर कुणाला थांबलेले मी पाहिले नाही. वाकळीपाशी रोज कुणीतरी थांबे. झाडलोट करणाऱ्या बाई मंडला भागातल्या. पहिल्या दिवशीच त्या केरसुणी टेकवून म्हणाल्या, ‘‘साहब, ये तो हमारी कथरी है।’’ आणि मग धाग्याचे टोक कुठे लपविले आहे ते त्यांनी मला दाखविले; मला ते आठवडाभर दिसले नसते. एक निवृत्त शिक्षक टाके मोजू लागले आणि तेविसाव्या ओळीपाशी त्यांचा क्रमांक पुकारला गेला. बचत गटाचे खाते पाहायला आलेल्या दोघीजणी आपापसांत बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या, आणि मग त्यांच्यापैकी एकीने मला विचारले की, असे काही शिवले तर त्यावर कर्ज मिळेल का. याचे उत्तर देताना मी अडखळलो, हे कबूल केले पाहिजे. शिवणयंत्रासाठी कर्ज देण्याचा आमचा हात सराईत आहे. यंत्राविना, हाताच्या टाक्याला किती दिवस लागतात आणि त्या दिवसांची किंमत काय धरायची, याचा तक्ता आमच्याकडे नाही. तो करायला घेतला आहे.

सगळेच खूश होते असे नाही. एक तरुण व्यापारी म्हणाले की, दारिद्र्याची वस्तू भिंतीवर मिरवण्यात काय हशील? जिला घोंगडी घेणे परवडत नव्हते तिने चिंध्या जोडल्या. यात कौतुक करण्यासारखे काय आहे? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. वाकळ शिवणाऱ्या बाईला दुपारची झोप नव्हती, तिच्या बोटांना दाभणाची भोके होती, आणि तिला दुसरे पांघरूण घेण्याचा पर्याय बहुधा नव्हता. पण केवळ ऊब हवी असती तर चिंध्या कशाही जोडून भागले असते. मध्यावर लाल खणाचा चौकोन, त्याभोवती काळी चंद्रकळा, मग फिकट रंगांची चौकट, कडेला सलग काठ, हे काही थंडीने सांगितले नव्हते. गरज पुरी झाल्यावरही जे उरले आहे, ते आपण पाहतो आहोत, एवढेच मी त्यांना म्हणालो. त्यांचे समाधान झाले नसावे. ते ठेव पावती घेऊन निघून गेले.

जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ पासून नर्मदेकाठी पायी प्रवास केला आणि तिथली माणसे, घाट, नावा रंगीत कागदाचे तुकडे चिकटवून चित्रांत उतरविल्या. २०१८ साली ते गेले. त्यांची ती चित्रे पाहताना मला नेहमी वाटते की, नदीकाठच्या बायका जे कापडाने करीत आल्या, तेच या शांतिनिकेतनात शिकलेल्या माणसाने कागदाने केले. फरक एवढाच की, त्यांच्या चित्रांखाली त्यांचे नाव आहे.

नावाचा हा मुद्दा मला भेडाघाटनेच शिकविला. टेकडीवरच्या चौसष्ट योगिनी मंदिरातील मूर्ती कलचुरी काळातल्या, दहाव्या शतकातल्या. पुष्कळ मूर्ती भंगलेल्या आहेत, कुणाचे मस्तक नाही, कुणाचे हात नाहीत. परंतु पीठावर योगिनीचे नाव कोरलेले असल्यामुळे ती कोण हे आजही वाचता येते. मध्यभागीचे गौरीशंकराचे देऊळ ११५५ साली राणी अल्हणदेवीने बांधविले, तेही नाव टिकले. खाली बाजारात संगमरवर कोरणाऱ्या कारागिरांच्या कलेला २०२३ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्याचा फलक लागला. दगडाला नाव धरून ठेवता येते. कापडाला कुणी नाव टाकीत नाही.

आमच्या घरी एक गोधडी होती. आजीची. मी बारावीत असताना घर आवरताना आईने ती बोहारणीला दिली आणि त्या बदल्यात, दोन जुन्या पँटही घालून, झाकणाचे एक स्टीलचे पातेले घेतले. व्यवहार आईने चोख केला. बोहारीण आधी लहान पातेले देत होती. ते पातेले अजून वापरात आहे. आजीच्या हाताचे दुसरे काही आमच्याकडे नाही. आईला मी कधी काही बोललो नाही, कारण त्या दिवशी मी घरात होतो आणि बोहारणीचे गाठोडे उचलून तिच्या डोक्यावर द्यायला मीच हात लावला होता.

म्हणून शाखेतल्या वाकळीखाली एक लहान पाटी लावायची आणि त्यावर शिवणारीचे नाव लिहायचे, असा माझा आग्रह होता. निवृत्त गृहस्थांना विचारले तर त्यांना नाव सांगता येईना. घरात सगळे तिला ‘मोठी आई’ म्हणत. जुन्या कागदपत्रांत पणजोबांचे नाव होते, जमिनीचा सर्व्हे क्रमांक होता, तिचे नाव कुठेही नव्हते. पाटी पंधरा दिवस कोरी राहिली. अखेर नागपूरला त्यांच्या नव्वदीतल्या एका आत्याबाई आहेत, त्यांना दूरध्वनी लावला. बोलणे शाखेतच, माझ्या टेबलापाशी झाले. आत्याबाईंना ऐकू कमी येते. प्रश्न तीनदा ओरडून विचारावा लागला आणि रांगेतले सगळे वळून पाहू लागले. मग पलीकडून त्यांनी उलट विचारले, ‘‘कुठलं नाव सांगू? माहेरचं की सासरचं?’’

आम्ही पाटीवर दोन्ही लिहिली.